पहिल्या पाचशे डॉलरवर वीस टक्के : अपवर्कच्या शुल्करचनेचं प्रकरण

ग्राहक आणि स्वतंत्रपणे काम करणारे फ्रीलान्सर यांची गाठ घालून देणाऱ्या अपवर्क या ऑनलाइन प्लॅटफॉर्मने मे २०१६ मध्ये आपल्या कमिशनची रचना बदलत असल्याचं जाहीर केलं. तोवर हिशेब सरळ होता. फ्रीलान्सरच्या बिलातले १० टक्के कंपनीचे, बाकीचे त्याचे. नव्या रचनेत एकाच ग्राहकाकडून मिळालेल्या पहिल्या ५०० डॉलरवर २० टक्के, त्यापुढे १०,००० डॉलरपर्यंत १० टक्के आणि त्याहून वरच्या रकमेवर ५ टक्के असे तीन टप्पे आले. ग्राहक बदलला की मोजणी पुन्हा शून्यापासून. ग्राहकांवरही २.७५ टक्के पेमेंट शुल्क लागलं. फ्रीलान्सर मंडळींत मोठा असंतोष पसरला, पण कंपनी मागे हटली नाही. सात वर्षांनी, मे २०२३ मध्ये, तीच कंपनी सरसकट १० टक्क्यांवर परत आली. आणि मे २०२५ पासून नव्या करारांवर ० ते १५ टक्क्यांच्या दरम्यानचं, करारागणिक बदलणारं शुल्क सुरू झालं.

नऊ वर्षांत एकाच प्रश्नाची इतकी वेगवेगळी उत्तरं एकाच कंपनीकडून आली, म्हणून हे प्रकरण अभ्यासायला मला फार मोलाचं वाटतं. प्लॅटफॉर्म उभारणारे बहुतेक जण ‘किती टक्के घ्यायचे?’ इथून सुरुवात करतात. माझ्या मते तो सर्वांत शेवटी सोडवायचा प्रश्न आहे. आपण नेमकं कोणत्या क्षणी कुणाच्या उपयोगी पडतो, आणि पैसे कोणत्या क्षणी मागतो, हे आधी ठरायला हवं. हे दोन क्षण एकमेकांपासून जितके लांब, तितके लोक आपल्याला वगळून परस्पर व्यवहार करू लागतात.

पार्श्वभूमी थोडक्यात. इलान्स ही फ्रीलान्सिंग कंपनी १९९९ साली सुरू झाली, तशीच दुसरी कंपनी ओडेस्क २००३ साली. डिसेंबर २०१३ मध्ये दोघींनी विलीनीकरण जाहीर केलं आणि २०१५ मध्ये अपवर्क हे नाव आलं. ओडेस्कने आणलेली एक गोष्ट पुढच्या चर्चेसाठी महत्त्वाची आहे. तासावर काम करणाऱ्याच्या संगणकावर चालणारा ट्रॅकर दर दहा मिनिटांत एक, म्हणजे तासाला सहा स्क्रीनशॉट घेतो. त्या नोंदीच्या आधारावर फ्रीलान्सरला पैसे मिळण्याची हमी मिळते आणि ग्राहकालाही आपण नक्की कशाचे पैसे देतोय ते दिसतं.

सरसकट दहा टक्के कुठे तुटतात

ग्राहक आणि फ्रीलान्सर यांचं नातं पहिल्या दिवसापासून पाहू. सुरुवातीला दोघं एकमेकांना ओळखत नाहीत. ग्राहकाला योग्य माणूस शोधायचा असतो, त्याचं आधीचं काम आणि इतरांनी दिलेले अभिप्राय पाहायचे असतात. फ्रीलान्सरला काम झाल्यावर पैसे बुडतील का, याची धास्ती असते. शोध, अभिप्राय, एस्क्रोमध्ये (म्हणजे काम पूर्ण होईपर्यंत मध्यस्थाकडे) ठेवलेली रक्कम, वाद झाला तर निवाडा, हे सगळं प्लॅटफॉर्म पुरवतो. या टप्प्यावर त्याच्याशिवाय व्यवहार होणारच नाही.

चौथ्या महिन्यात चित्र वेगळं असतं. दोघं रोज बोलतात. कामाचा दर्जा माहीत झालेला, पैसे वेळेवर येतात हे पटलेलं. आता प्लॅटफॉर्मकडे उरतं ते बिलांची नोंद ठेवणं आणि एका देशातून दुसऱ्या देशात पैसे पोचवणं. उपयोग घटला, पण शुल्क मात्र तेवढंच राहिलं. महिन्याला ३,००० डॉलरचं काम असेल तर १० टक्क्यांनी ३०० डॉलर, वर्षाला ३,६०० डॉलर. ही रक्कम दोघांनी मिळून वाचवायची आणि आपसात वाटून घ्यायची, एवढा मोह समोर उभा असतो.

कंपनीचे नियम हे रोखायला आहेत. करार होण्याआधी संपर्काचा तपशील देता येत नाही. प्लॅटफॉर्मवर ओळख झाल्यापासून २४ महिने व्यवहार तिथूनच करायचा, आणि बाहेर जायचं असेल तर वेगळं रूपांतर शुल्क भरायचं. पण नियमावर विसंबून उत्पन्नाची रचना करणं धोक्याचं आहे. फ्रीलान्सरला खरा धरून ठेवतो तो त्याच्या नावापुढे साचलेला अभिप्रायांचा संच. तो दुसरीकडे नेता येत नाही, आणि खातं बंद झालं तर तो हातचा जातो. तरीही ज्याच्याकडे पुढच्या वर्षभराचं काम आधीच आहे, त्याला नव्या ग्राहकांसाठी अभिप्रायांची गरज कितीशी? त्यामुळे गळती सगळीकडे सारखी होत नाही. सर्वांत मोठी, सर्वांत टिकाऊ नाती आधी निघून जातात आणि प्लॅटफॉर्मवर लहानसहान कामं उरतात.

आणि लहान कामांचं गणित दुसऱ्या टोकाला बिघडतं. २० डॉलरचं काम घ्या. १० टक्के म्हणजे २ डॉलर. कार्डाने पैसे स्वीकारण्याचा खर्च २.९ टक्के अधिक ३० सेंट धरला, जो अमेरिकेत ऑनलाइन पेमेंटसाठी प्रचलित दर आहे, तर ८८ सेंट तिथेच गेले. उरलेल्या १.१२ डॉलरमधून फसवणूक तपासायची, पैसे फ्रीलान्सरच्या देशात पोचवायचे, दोन्ही बाजूंच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची. एका वादात एखाद्या कर्मचाऱ्याचा अर्धा तास गेला की अशा कित्येक कामांची कमाई संपली. म्हणजे लहान कामावर पदरमोड आणि मोठ्या कामावर गळती. २०१६ ची रचना आली ती ही दोन्ही टोकं एका फटक्यात सांधण्यासाठी.

आकडे काय सांगतात

तीन टप्प्यांचा हिशेब मांडला की रचनेचा स्वभाव उघड होतो. एका ग्राहकाकडून ५०० डॉलर मिळाले तर जुन्या पद्धतीने ५० डॉलर कापले जायचे, नव्याने १००. रक्कम १०,००० झाली तर जुनं शुल्क १,०००, नवं १,०५०. रक्कम ५०,००० झाली तर जुनं ५,००० आणि नवं ३,०५०. दोन्ही पद्धती नेमक्या ११,००० डॉलरला समसमान होतात. त्याच्या खालच्या प्रत्येक नात्यात फ्रीलान्सरचा तोटा, वरच्या प्रत्येक नात्यात फायदा. तासाला २० डॉलर घेणाऱ्याला ११,००० पर्यंत पोचायला एकाच ग्राहकासाठी ५५० तास लागतात, म्हणजे पूर्णवेळ जवळजवळ १४ आठवडे.

वरच्या टोकाला ही रचना मला बरोबर वाटते. परस्पर व्यवहार करायचा की नाही, हे ठरवताना माणूस आजवर किती शुल्क भरलं याचा विचार करत नाही. पुढच्या डॉलरवर किती जाणार, हे पाहतो. तो दर ५ टक्के असेल तर परदेशी बँक हस्तांतरण, चलन बदलाचा खर्च, बिलांची कटकट हे सगळं जमेस धरून प्लॅटफॉर्मवर राहणंच परवडतं. विश्वास वाढत गेला तसा दर खाली आला. उपयोग आणि शुल्क हातात हात घालून चालले.

खालच्या टोकाला मात्र या रचनेने घाव घातला. एका फ्रीलान्सरने ५,००० डॉलर एकाच ग्राहकाकडून कमावले तर त्याचं शुल्क ५५० डॉलर, म्हणजे ११ टक्के. दुसऱ्याने तेवढीच रक्कम दहा ग्राहकांकडून प्रत्येकी ५०० अशी कमावली तर १,००० डॉलर, सरळ २० टक्के. कमाई तीच, मेहनत कदाचित जास्त, कारण दहा माणसांना दहा वेळा समजावून सांगावं लागलं. भाषांतर, लोगो, छोटी दुरुस्ती अशा कामांत ग्राहक एकदाच येतो. त्या लोकांवरचं शुल्क एका रात्रीत दुप्पट झालं.

हा बोजा त्यांनी ग्राहकावर ढकलला तर काय होतं, तेही पाहू. पूर्वी १०० डॉलर सांगणाऱ्याच्या हाती ९० यायचे. २० टक्के कापून ९० हाती हवे असतील तर ११२.५० सांगावे लागतात. त्यावर ग्राहकाचं २.७५ टक्के शुल्क धरलं तर ग्राहकाच्या खिशातून जवळजवळ ११५.६० जातात. तेच काम, तोच माणूस, आणि किंमत सुमारे १५.६ टक्क्यांनी वर. हे घडतं कधी? तर अगदी पहिल्या व्यवहाराच्या वेळी, जेव्हा ग्राहकाच्या मनात शंका सर्वांत जास्त असते.

या रचनेचा खरा दोष मला इथे दिसतो. प्लॅटफॉर्मचा उपयोग सुरुवातीला सर्वाधिक असतो, हे खरं. पण तो उपयोग झाला की नाही, हे कळतं काम संपल्यावर. सुरुवातीला दोन्ही पक्षांच्या वाट्याला आलेली असते ती जोखीम. सर्वांत जास्त जोखमीच्या क्षणी सर्वांत जास्त शुल्क मागितलं की नवी नातीच कमी जुळतात. आणि नवं नातं हेच तर प्लॅटफॉर्मचं बियाणं आहे. शिवाय ५ टक्क्यांचं बक्षीस इतकं लांब ठेवलेलं की काम सुरू करताना ते कुणाच्या गणितातच येत नाही. आपलं नातं ११,००० च्या पुढे जाईल, हे त्या दिवशी कोणाला माहीत असतं?

२० डॉलरच्या कामाची अडचणही टक्केवारी दुप्पट करून सुटणारी नव्हती. २० टक्क्यांनी ४ डॉलर मिळतात, तेही अपुरेच. उलट ५०० डॉलरच्या कामावर ५० डॉलर पुरेसे होते, तिथे १०० घेतले गेले. प्रत्येक करारामागे जो खर्च ठरलेला आहे, तो ठरलेल्या रकमेतच वसूल करावा. कंपनीने पुढे करार सुरू होताना ग्राहकाकडून एकदाच घ्यायची छोटी ठोक रक्कम आणली, ती म्हणूनच मला योग्य वाटते. हे २०१६ मध्येच झालं असतं तर खालच्या टप्प्याची गरज बहुधा पडली नसती.

इथे फायव्हर या प्रतिस्पर्धी फ्रीलान्सिंग प्लॅटफॉर्मचं उदाहरण मुद्दाम घ्यायला हवं, कारण त्याचा चुकीचा अर्थ वारंवार काढला जातो. फायव्हर विक्रेत्याकडून सरसकट २० टक्के घेते आणि तरीही चालते. मग अपवर्कचे २० टक्के का खुपले? फायव्हरवर सेवा वस्तूसारखी मांडलेली असते. किंमत, मुदत, काय मिळणार, सगळं आधीच लिहिलेलं. व्यवहार छोटा आणि तिथल्या तिथे संपणारा. महिनोन्‌महिने चालणारं नातंच नसेल तर परस्पर नेण्यासारखं फारसं काही उरत नाही. प्रतिस्पर्ध्याची टक्केवारी उचलून आपल्याकडे लावणाऱ्याने आधी त्याच्याकडची नाती किती लांब चालतात ते पाहावं.

शुल्काचा क्षण हलतो

२०१९ मध्ये एक वेगळाच बदल झाला. कामासाठी प्रस्ताव पाठवताना फ्रीलान्सरला खर्चावे लागणारे ‘कनेक्ट्स’ नावाचे टोकन पूर्वी मोफत खात्यालाही महिन्याला ६० मिळत. त्या वर्षी प्रत्येकी १५ सेंट मोजावे लागू लागले आणि तेव्हा एका कामासाठी १ ते ६ कनेक्ट्स लागत, म्हणजे जास्तीत जास्त ९० सेंट.

यामागचा पहिला हेतू मला पटतो. प्रस्ताव पाठवायला काहीच लागत नसेल तर जो तो सगळीकडे पाठवतो. पाठवणाऱ्याला ते फुकट पडतं, वाचणाऱ्याला नाही. ग्राहकासमोर पन्नास प्रस्ताव येतात, तो पहिले काही चाळतो आणि मनापासून लिहिलेला एखादा चांगला प्रस्ताव खाली दबून जातो. थोडीशी किंमत लावली की माणूस आपल्या कामाचं आहे तिथेच अर्ज करतो. गाळणी म्हणून ही रचना उत्तम.

पण गाळणीतून उत्पन्न येऊ लागलं की तिचा स्वभाव बदलतो. नंतर जास्त कनेक्ट्स लावून आपला प्रस्ताव यादीत वर नेण्याची, लिलावासारखी सोय आली. आता विचार करा. एका कामासाठी चाळीस जणांनी अर्ज केला आणि एकाला काम मिळालं, तर उरलेल्या एकोणचाळीस जणांचे कनेक्ट्सही कंपनीचं उत्पन्न आहेत. कमिशनवर चालणारी कंपनी फ्रीलान्सर कमावतो तेव्हाच कमावते. दोघांचं हित एका दिशेला असतं. कनेक्ट्सच्या उत्पन्नात ती अट नाही. एकेका कामामागे स्पर्धक वाढले, तर ग्राहकाचं आणि फ्रीलान्सरचं नुकसान होत असतानाही कंपनीचा आकडा वाढू शकतो. कंपनी असं मुद्दाम करते, असं मी म्हणत नाही. माझी काळजी रचनेबद्दल आहे. उत्पन्नाचं उद्दिष्ट ज्या संघाच्या माथ्यावर असतं, तो हळूहळू त्या दिशेला झुकतोच.

म्हणून कोणतंही नवं शुल्क आणताना मी एक प्रश्न विचारायला सांगतो : या एका शुल्काचं उत्पन्न दुप्पट करायचं ठरलं, तर आपल्याला काय करावंसं वाटेल? कमिशनच्या बाबतीत उत्तर येतं, जास्त कामं पूर्ण व्हावीत. प्रस्तावाच्या शुल्काबाबत उत्तर येतं, जास्त लोकांनी अर्ज करावेत. या दुसऱ्या उत्तरावर कुंपण घालावं लागतं. एका कामाला किती प्रस्ताव येऊ द्यायचे याची मर्यादा, आणि ग्राहकाने कुणालाच घेतलं नाही तर कनेक्ट्स परत, ही त्यातली दोन सोपी कुंपणं.

एकूण आकड्यांकडे पाहिलं की हा सरकता क्षण आणखी ठळक होतो. अपवर्क ऑक्टोबर २०१८ मध्ये नॅसडॅक या अमेरिकी शेअर बाजारात १५ डॉलर प्रति शेअर या भावाने आली. त्या वर्षी प्लॅटफॉर्मवर सुमारे १.७६ अब्ज डॉलरचं काम झालं आणि कंपनीचं उत्पन्न २५ कोटी डॉलरच्या थोडं वर होतं, म्हणजे साधारण १४ टक्के. २०२४ मध्ये सुमारे ४ अब्ज डॉलरच्या कामावर उत्पन्न जवळजवळ ७७ कोटी डॉलर, म्हणजे १९ टक्क्यांच्या आसपास. उत्पन्नात कंपनी स्वतः अंगावर घेऊन करते त्या व्यवस्थापित कामांची पूर्ण रक्कम मोजली जाते, त्यामुळे ही टक्केवारी प्रत्यक्ष बाजारातल्या वाट्यापेक्षा फुगलेली दिसते. तरी दिशा स्पष्ट आहे. समोर दिसणारं कमिशन २० वरून १० वर आलं, आणि कंपनीचा एकूण वाटा मात्र वाढला. ग्राहकाचं शुल्क ५ टक्क्यांपर्यंत गेलं, करार सुरू करण्याचं शुल्क आलं, कनेक्ट्स आले, यादीत वर येण्याचे पैसे आले.

ज्याँ-शार्ल रोशे आणि ज्याँ तिरोल या अर्थतज्ज्ञांनी २००३ च्या निबंधात दाखवून दिलं की दोन बाजूंच्या बाजारात, म्हणजे जिथे प्लॅटफॉर्म दोन वेगळ्या गटांना जोडतो तिथे, एकूण शुल्काइतकीच त्याची दोन बाजूंतली वाटणीही महत्त्वाची असते. ज्या बाजूची ओढ जास्त आणि पर्याय कमी, तिच्यावर जास्त भार टाकता येतो. फ्रीलान्सर भरपूर, ग्राहक मोजके, म्हणून भार फ्रीलान्सरवर, असा याचा सोपा अर्थ लावला जातो. पण फ्रीलान्सर म्हणजे एकजिनसी गट नव्हे. काही कौशल्यांत एका कामामागे शेकडो इच्छुक असतात, तर काहींत ग्राहकच शोधत फिरत असतो.

२०२३ च्या सरसकट १० टक्क्यांनी पहिल्या व्यवहाराचं ओझं हलकं केलं आणि भाव सांगणं सोपं केलं. ११,००० डॉलरच्या खालच्या सर्वांना ते लाभलं. ५०,००० डॉलरच्या नात्याला मात्र ३,०५० ऐवजी ५,००० मोजावे लागले, आणि वरच्या टोकाची गळतीची वाट पुन्हा उघडी झाली. २०२५ चं बदलतं शुल्क कौशल्यागणिक असलेल्या फरकाला हात घालतं. प्रस्ताव पाठवण्याआधीच दर दिसतो आणि त्या करारापुरता तो बदलत नाही, या दोन्ही गोष्टी चांगल्या आहेत. मला खटकतं ते असं, की गर्दीच्या क्षेत्रात, जिथे फ्रीलान्सरची भाव ठरवायची ताकद सर्वांत कमी, तिथेच १५ टक्के लागण्याची शक्यता जास्त. आणि नातं जुनं झालं म्हणून दर आपोआप उतरत नाही.

माझ्यावर रचना सोपवली तर मी २०१६ मधली एक कल्पना परत आणेन आणि दुसरी सोडून देईन. पहिल्या ५,००० डॉलरवर १० टक्के, त्यापुढे ६ टक्के. २०,००० डॉलरच्या नात्यावर ५०० अधिक ९००, म्हणजे १,४०० डॉलर, सरासरी ७ टक्के. छोट्या कामांसाठी करारामागे ठोक रक्कम, तीही ग्राहकाकडून. प्रस्तावाचं शुल्क ठेवायचं, पण त्यातून येणारी रक्कम नव्या फ्रीलान्सरना सुरुवातीचे मोफत कनेक्ट्स देण्यातच खर्च करायची, म्हणजे ते कुणाचं उद्दिष्ट बनणार नाही.

हे चालतंय की नाही, हे एकूण उत्पन्नावरून लवकर कळत नाही. मी पाहेन ते थांबलेल्या नात्यांकडे. काम संपतं तेव्हा बिलं सहसा हळूहळू उतरतात किंवा शेवटचा टप्पा पूर्ण झाल्याची नोंद असते. परस्पर गेलेलं नातं वेगळं दिसतं : अभिप्राय उत्तम, वाद नाही, दर आठवड्याला नियमित बिल, आणि एके दिवशी एकदम शून्य. अशी नाती रकमेनुसार लावून पाहायची. ५,००० च्या अलीकडे ती दाटलेली असतील आणि पलीकडे विरळ होत असतील, तर दर उतरण्याची जागा आणखी खाली आणायला हवी. दोन्हीकडे सारखीच असतील तर लोक शुल्कामुळे जात नाहीत, त्यांना दुसरं काहीतरी बाहेर नेतंय. तेव्हा टक्केवारीला हात न लावता, बाहेर गेलेल्या ग्राहकांपैकी काहींना फोन करून विचारायचं.